दिवा, सूर आणि पाक : म्हैसूरच्या इतिहासातील एक घरगुती पान

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी म्हैसूर आणि मराठी माणूस यांच्या संबंधांचा इतिहास लिहावयाचा म्हटले की लेखणी आपोआप राजकारणाकडे वळते. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर, १६८७ च्या सुमारास मराठ्यांच्या हातून जाऊन म्हैसूरकरांकडे आलेले ते शहर, हैदर आणि टिपू यांच्या काळातील मराठ्यांच्या स्वाऱ्या, त्याच काळात म्हैसूरच्या जमाखर्चात कानडी-फारसीच्या बरोबरीने वावरणारी मराठी, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी एकापाठोपाठ एक दिवाणपदावर आलेले व्ही. पी. माधवराव (१९०६-०९) व टी. आनंदराव (१९०९-१२) हे तंजावरकडील मराठी घराण्यांतील दोन मुत्सद्दी, एवढ्या गोष्टी सांगितल्या की लेख पुरा झाला, अशी आपली समजूत असते.

हा इतिहास खोटा नाही आणि क्षुल्लकही नाही. परंतु तो वाचणाऱ्या गृहस्थाला किंवा गृहिणीला त्यात स्वतःचे असे काही सापडत नाही. स्वारी त्यांनी केलेली नसते, दिवाणगिरीही केलेली नसते. त्यांच्या वाट्याला येते ते घर : संध्याकाळी देवाजवळ लावलेला दिवा, काम करता करता गुणगुणलेले एखादे पद, आणि सणाला चुलीवर चढविलेली कढई. कलेची प्रेरणा म्हणून जिला म्हणतात ती या तीन गोष्टींत कितपत असते, आणि असली तर ती सर्वांना सारखीच का दिसत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास म्हैसूरइतके सोयीचे गाव दुसरे क्वचितच असेल. कारण या गावाने घरातून निघालेल्या पुष्कळ गोष्टी दरबारी नेऊन बसविल्या आणि दरबारातल्या पुष्कळ गोष्टी घरोघर पोचविल्या.

प्रथम दिव्याचीच गोष्ट घेऊ. मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी १८६१ मध्ये बांधविलेला जगन्मोहन राजवाडा म्हैसूरला येणाऱ्या कोणाही पाहुण्याने चुकवू नये असा आहे. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाला. १९१२ मध्ये नवा राजवाडा पुरा होईपर्यंत राजघराण्याचा मुक्काम जगन्मोहनमध्येच होता, आणि १९०२ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडेयरांच्या हाती राज्यकारभार सोपविण्याचा सोहळाही येथेच झाला. १९१५ मध्ये या वास्तूत चित्रसंग्रहालय सुरू झाले. पुढे त्याला जयचामराजेंद्र वडेयरांचे नाव देण्यात आले. या संग्रहातील जे चित्र पाहण्यासाठी लोकांची सर्वाधिक गर्दी होत आली, ते कोणा राजाचे नाही, रणाचे नाही आणि देवादिकांचेही नाही. एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून तिने दुसरा हात आडवा धरला आहे. त्या ज्योतीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे आणि आड धरलेल्या बोटांतून पाझरून त्यांच्या कडा लालसर दिसत आहेत. ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्राचे इंग्रजी नाव. सामान्य माणूस मात्र ‘दिवा घेतलेली बाई’ एवढेच म्हणतो. अंधारलेल्या जागी ठेवून हे चित्र दाखविण्याचा प्रघात पडला, तेव्हा तर उजेड चित्रातूनच येतो आहे असा भास पाहणाऱ्याला होई.

हे चित्र कोणाचे, असे विचारले तर दहांपैकी आठ माणसे बेधडक सांगतात, ‘राजा रविवर्म्याचे!’ हे उत्तर चूक आहे. चित्रकार आहेत सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडीस झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलासंस्था काढली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या संस्थापकांतही ते होते. त्यांचे निधन १९६८ मध्ये झाले. रविवर्मा वारले ते १९०६ साली, आणि म्हैसूरचे हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे मानले जाते. म्हणजे रविवर्म्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी ते जन्माला आले. आणखी एक पुरावा तर चित्रातच आहे. रविवर्म्याची कीर्ती तैलरंगांवर उभी आहे, आणि हे चित्र जलरंगातले आहे. इतका उघड पुरावा डोळ्यांसमोर असताना लोकांची समजूत बदलत नाही, याचे कारण असे की मोठे नाव हे मोठ्या झाडासारखे असते. आसपासची सावली सगळी त्याच्याच नावावर जमा होते.

रविवर्म्याचा म्हैसूरशी संबंध नव्हता असे मात्र नाही. त्यांच्या कलेला येथे राजाश्रय मिळाला, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी म्हैसूर दरबारासाठी पौराणिक चित्रेही केली. त्या कथेतही एक मराठी धागा आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले तंजावरकर सर टी. माधवराव हे रविवर्म्याचे हितचिंतक होते. तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे की एका हाताने ती पुरी होणार नाही, तेव्हा त्यांच्या छापील प्रती काढाव्या, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिला होता. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला रविवर्म्याचा छापखाना ही त्या विचाराची परिणती म्हणता येईल. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती नेसल्या होत्या आपल्या आजीपणजीच्या परिचयाचे लुगडे, आणि त्या जाऊन बसल्या देशातल्या घराघरांतील देवघरात. वर ज्या दिवाण आनंदरावांचा उल्लेख आला ते याच माधवरावांचे चिरंजीव.

आता हळदणकरांचे चित्र सुचले कसे ते पाहू. त्याची हकीकत त्यांच्या कन्येकडून, गीताबाईंकडून, जगाला समजली. दिवाळीचे दिवस होते. साडी नेसलेली, हातात दिवा घेतलेली आपली मुलगी वडिलांच्या दृष्टीस पडली, आणि त्यांनी तिला तशीच उभी राहावयास सांगितले. चित्रातली ती स्त्री म्हणजे राजकन्या नव्हे, अप्सरा नव्हे. चित्रकाराच्या घरातली लेक ती. गीताबाई दीर्घायुषी झाल्या. २०१८ मध्ये कोल्हापुरास त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या वयाने शंभरी ओलांडलेली होती. त्या इतके जगल्या आणि सांगत राहिल्या, म्हणूनच या चित्राचा घरगुती उगम आपल्याला ठाऊक झाला. नाहीतर रविवर्म्याच्या सावलीत तोही नाहीसा झाला असता.

या ठिकाणी वाचकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. दिवाळीला दिवा तर प्रत्येक घरात लागतो, आणि लेकही प्रत्येक बापाला दिव्याच्या उजेडात साजिरीच दिसते. मग ते चित्र एकालाच का सुचावे? याचे उत्तर जलरंगाच्या स्वभावात आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देऊन ती झाकता येते. जलरंगाचे तसे नाही. त्यात उजेड दाखविण्यास पांढरा रंग वापरीत नाहीत, कागदाचाच पांढरेपणा राखून ठेवावा लागतो. म्हणजे ज्योत कोठे असणार, तिचा प्रकाश कपाळावर किती आणि गालावर किती पडणार, हे पहिला ओला हात कागदाला लागण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. पुढे अंधार थराथराने चढवीत जायचे आणि उजेडाला मुळीच हात लावायचा नाही. एकदा कागद मळला की तो मळला. साठी ओलांडलेल्या चित्रकाराच्या मागे त्या दिवाळीपर्यंत चाळीसहून अधिक वर्षांची साधना उभी होती. प्रसंग त्या संध्याकाळी आला, पण त्याचे स्वागत करण्याची तयारी कितीतरी वर्षे आधीपासून चालू होती. प्रेरणा म्हणजे वीज नव्हे. ती दारावर आलेली पाहुणी आहे, आणि घर आवरलेले असेल तरच तिला बसावयास जागा मिळते.

हळदणकरांच्या सावंतवाडीचे आणि म्हैसूरचे आणखी एक नाते सहज सांगण्यासारखे आहे. हाताने रंगविलेल्या गंजिफांसाठी ही दोन्ही गावे प्रसिद्ध आहेत. गंजिफा म्हणजे घरात बसून खेळावयाची गोल पाने. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. ती रंगविणारी चितारी घराणी लाकडी खेळणी आणि पाटही रंगवीत. विसाव्या शतकात ही कला मावळू लागली, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा देऊन ती सावरली. इकडे मुम्मडी कृष्णराजांना या खेळाचे इतके वेड की त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या नऊ भागांच्या प्रचंड सचित्र ग्रंथातील ‘कौतुकनिधी’ या भागात गंजिफांचे नवनवे डाव वर्णिले आहेत. ज्या ग्रंथात देवतांची ध्याने, त्याच ग्रंथात घरातल्या खेळाची पाने! दुपारच्या विरंगुळ्याला शास्त्राच्या पंगतीस बसविणारा हा राजा म्हैसूरच्या चित्रपरंपरेचा मोठा आश्रयदाता ठरला, यात नवल ते काय?

चित्राकडून गाण्याकडे वळताना म्हैसूरहून निघून आगगाडीच्या मार्गाने थोडे उत्तरेस जावे लागेल. पुणे, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी असे करीत म्हैसूर मुलखात येणारा हा रेल्वेचा रस्ता म्हणजे हिंदुस्थानी गायकांची जणू पालखीवाट होती. दसऱ्याच्या दरबारात हजेरी लावण्यास उत्तरेचे नामांकित गवई याच वाटेने येत. आग्रा घराण्याचे नत्थनखाँ म्हैसूर दरबारी होते. आपले भास्करबुवा बखले हे त्यांचे शिष्य. त्याच भास्करबुवांनी पुढे १९११ मध्ये पुण्यास भारत गायन समाजाची स्थापना केली, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांना चाली दिल्या. बालगंधर्वांच्या मुखातून ती पदे निघाली आणि महाराष्ट्रातल्या माजघरांत शिरली. ज्यांनी नाटकगृहाचे तोंड पाहिले नव्हते अशा बायका दळताकांडता ती गुणगुणू लागल्या. दरबारातली विद्या शिष्याच्या हातून जात्यापर्यंत कशी पोचते याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

या वाटेवरचे सर्वांत संस्मरणीय प्रवासी अब्दुल करीमखाँ. जन्म किराण्याचा, वास्तव्य मिरजेचे, आणि येणेजाणे म्हैसूरचे. येथल्या दरबाराने त्यांना ‘संगीतरत्न’ पदवीने गौरविले. पण पदवीपेक्षा मोलाची अशी एक गोष्ट त्यांनी म्हैसूरहून नेली. येथे त्यांच्या कानी कर्नाटक संगीत पडले. राजगवयाच्या तोऱ्यात ते बसते तर या दाक्षिणात्य गाण्याला ‘त्यांचे ते त्यांना’ म्हणून त्यांनी बाजूस सारले असते. त्याऐवजी ते ऐकू लागले आणि शिकू लागले. त्यांच्या गायकीतील सरगमेवर या श्रवणाची छाया पडली असे जाणकार मानतात, आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृती तर त्यांनी ध्वनिमुद्रितही केली. मुलुख परका, भाषा परकी, तरी कान उघडा. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी खाँसाहेबांच्या गळ्याइतकीच त्यांच्या कानाचीही थोरवी ध्यानात घ्यावी असे मला वाटते. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता वाटेतल्या सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या मातीत ते विसावले.

खाँसाहेब वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होते. मिरज ही तंबोऱ्याची पेठ. तेथल्या या धंद्याची मुळे शिकलगारांत, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांत, आहेत. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे दिवस सरले तेव्हा त्यांतल्या काहींनी तेच कसबी हात वाद्यांकडे वळविले. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून. तो कडू असल्याने त्याची भाजी होत नाही. गृहिणीने टाकून दिलेल्या त्या भोपळ्यातून षड्ज निघतो! रोजच्या वस्तूत काय दडले आहे हे वस्तूवर लिहिलेले नसते. ते हातांनी शोधून काढावे लागते.

खाँसाहेबांच्या गाण्याने एका मुलाचे आयुष्य कसे बदलले ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. गदगचा एक शाळकरी मुलगा रस्त्याने जाता-येता दुकानात वाजणारी तबकडी ऐकत उभा राही. तिच्यावर अब्दुल करीमखाँची झिंझोटीतील ठुमरी होती. असे गाणे आपल्याला आलेच पाहिजे, या ध्यासाने १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घर सोडून निघाला. तेच पुढचे पंडित भीमसेन जोशी, आणि त्यांना अखेर गुरू लाभले ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व. त्या दुकानावरून त्या काळी शेकडो माणसे रोज जात असतील. तबकडी सर्वांसाठी वाजत होती, उभा राहिला तो एकच. दिवाळीच्या दिव्याची गोष्ट आणि गदगच्या तबकडीची गोष्ट मुळात एकच आहे.

आता स्वयंपाकघर. येथे कोणी म्हणेल, चित्र आणि संगीत यांच्या पंक्तीस पाककलेला बसविणे म्हणजे थोडी अतिशयोक्तीच झाली. परंतु आपल्या पूर्वजांना तसे वाटत नव्हते. बंगळूर हातचे गेले त्या एकोजीराजांच्या तंजावरात, त्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच तंजावरात पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी (१७९८-१८३२) ‘सरभेंद्रपाकशास्त्र’ हे मराठी पुस्तक तयार झाले, आणि त्याची पोथी सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केली. मायदेशापासून शेकडो कोस दूर, तमिळ मुलखात राज्य करणाऱ्या मराठ्यांना आपल्या भाषेत पाकक्रिया लिहून ठेवाव्याशा वाटल्या, यात चवीहून अधिक काही आहे. घर दूर राहिले की घराची आठवण पहिल्यांदा जिभेवर येते.

म्हैसूरचे या क्षेत्रातले चिरंजीव नाव म्हणजे म्हैसूरपाक. नाल्वडी कृष्णराज वडेयरांच्या मुदपाकखान्यातील काकासुर मादप्पा या आचाऱ्याने तो प्रथम केला, महाराजांनी नाव विचारले, आणि मादप्पांनी तेथल्या तेथे ‘म्हैसूरपाक’ असे सांगितले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतला तपशील कसाही असो, पदार्थात जिन्नस तीनच आहेत : हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, साखर आणि तूप. हे तिन्ही जिन्नस कोणत्याही मराठी घरात सदैव असतात, आणि त्यांचेच बेसनलाडू आपण पिढ्यान्‌पिढ्या वळीत आलो आहोत. मग नवे काय होते? नवी होती ती रीत. एकतारी पाकात पीठ शिजत असताना त्यावर कडकडीत तूप थोडे थोडे ओतीत जायचे. पाण्याच्या उकळबिंदूहून कितीतरी अधिक तापलेले तूप पाकाला भेटताच पाकातल्या पाण्याची वाफ होते, मिश्रण फसफसून वर येते, आणि ती वाफ निघून जाताना मागे जाळी ठेवते. थाळ्यात ओतल्यावर मधला भाग अधिक वेळ गरम राहतो. त्यामुळे त्याचा रंग कडेपेक्षा गडद होतो. कढई क्षणभर आधी उतरविली तर वडी मऊ राहते, क्षणभर उशिरा उतरविली तर दगड होतो. आणि एकदा उतरविली की पुन्हा काही करता येत नाही.

जलरंगाविषयी वर जे लिहिले ते वाचकांना येथे आठवले असेल. मैफलीत समेवर येणाऱ्या गवयाचेही तसेच असते. चुकलेली सम पुसून पुन्हा घेता येत नाही. चित्र, गाणे आणि पाक या तिन्ही कलांत निर्णायक क्षण एकच, पण त्या क्षणी हाताला न विचारता योग्य ते करता यावे म्हणून आधी हजारो साधे दिवस घालवावे लागतात. ज्याला आपण रोजचा रगाडा म्हणून हिणवितो, तो खरे तर रियाज आहे. रोज पोळ्या लाटणारीच्या हाताला कणकेची जी जाण असते, ती एका दिवसात येत नाही आणि पुस्तकातूनही येत नाही. पुस्तकाचा उपयोग नाही असे मात्र कोणी समजू नये. १९७० मध्ये निघालेले कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ किती नववधूंच्या ट्रंकेतून किती मुलखांत गेले असेल, कोण जाणे! ज्या मुलीजवळ आई नव्हती तिच्याजवळ ते पुस्तक होते.

या तीन कथांत एक फरक मात्र मनाला टोचतो. हळदणकरांचे नाव विसरले गेले तरी ते शोधून काढता येते. अब्दुल करीमखाँचा आवाज तबकडीवर उरला आहे. मादप्पांचे नाव कथेने राखले. पण ज्या स्त्रियांनी या मुलखात येऊन नारळ आणि गूळ यांच्याशी नव्याने सोयरीक केली, पुरणपोळीच्या शेजारी येथल्या ‘होळिगे’ला जागा दिली, आमटीत सांबाराचा मसाला किती घातला असता दोन्ही घरे सुखी होतात हे ठरविले, त्यांची नावे कोठे आहेत? अमुक आजींचा मसाला असे नाव एक पिढी चालते, पुढे नुसता ‘आपल्याकडचा मसाला’ उरतो, आणि तिसऱ्या पिढीत तो बाजारातून येतो. राजवाड्यातले चित्र चुकीच्या नावावर गेले तर निदान कोणीतरी तक्रार करतो. घरातली कला निनावी झाली तर तिची कोणी दखलही घेत नाही.

हे सर्व धागे एकत्र येतात असा एक सोहळा आपल्याच हातात आहे, आणि म्हैसूरसारखी त्याची शोभा अन्यत्र नाही. आश्विन मासी सूर्य हस्त नक्षत्रात असताना आपल्याकडे भोंडला किंवा हादगा मांडतात. मध्ये पाटावर हत्ती काढावयाचा, त्याच्याभोवती फेर धरून मुलींनी गाणी म्हणावयाची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावयाची. पाहा, चित्र, गाणे आणि पाककृती तिन्ही एका अंगणात! याच दिवसांत म्हैसूरच्या घरोघरी ‘गोंब्यां’ची, म्हणजे बाहुल्यांची, आरास पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली असते. लाकडी राजाराणीची जोडी तिच्यात मानाची. आणि विजयादशमीला, सुमारे ७५० किलो वजनाची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन, खराखुरा हत्ती राजवाड्यातून निघतो. पूर्वी त्या अंबारीत महाराज बसत, आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. पुण्यातल्या मुलीने पाटावर काढलेला हत्ती बहुधा चित्रावरून काढलेला असतो. म्हैसूरच्या मराठी मुलीला मात्र तो डोळ्यांनी पाहून काढता येतो : त्याच्या कपाळावरची वेलबुट्टी, त्याची झूल, गर्दीतूनही न डगमगणारी त्याची चाल. तिने आपल्या हत्तीच्या पाठीवर अंबारी काढली आणि खिरापतीला म्हैसूरपाक ठेवला, तर तो भोंडला बाटला असे म्हणणारे कोणी निघतील. मला वाटते, तो खऱ्या अर्थाने तिचा झाला.

कारण परमुलखात संस्कृती टिकविण्याचे दोन मार्ग असतात. एक, मायदेशातून आणलेली वस्तू कपाटात जपून ठेवावयाची आणि वर्षातून एकदा पुसून मांडावयाची. या मार्गाने वस्तू टिकते, पण मुलांना ती आईवडिलांची वाटते, स्वतःची वाटत नाही. दुसरा मार्ग अब्दुल करीमखाँचा : आपला सूर पक्का ठेवून शेजारचे गाणे मनापासून ऐकावयाचे. या मार्गाने वस्तू थोडी बदलते, पण जिवंत राहते. मंडळाने गेल्या अर्धशतकात गणेशोत्सव केले, नाटके केली, व्याख्याने ठेवली. हे सर्व रंगमंचावरचे वैभव आहे आणि ते असावेच. परंतु रंगमंचावर जे येते त्याचे बीज घरात रुजलेले नसेल, तर पुढच्या पन्नास वर्षांनी रंगमंच राहील आणि वर चढावयास कोणी राहणार नाही.

म्हणून या निमित्ताने एकच सूचना करून लेख संपवितो. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक घराने एक वही घालावी. तिच्यात घरातले एखादे गाणे लिहावे आणि ते कोणाकडून आले तेही लिहावे. एखादा पदार्थ लिहावा, तो येथे आल्यावर कसा बदलला आणि कोणाच्या हातून बदलला ते लिहावे. मुलांनी काढलेली रांगोळी किंवा हत्ती चिकटवावा आणि त्याखाली नाव व साल घालण्यास विसरू नये. मराठी लिहिता येत नसेल अशा नातवाने कानडीत किंवा इंग्रजीत लिहिले तरी चालेल. आजीने शेजारी बसून ते मराठीत सांगावे म्हणजे झाले. मंडळाने या वह्यांच्या प्रती आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवाव्या. त्यांतून हळदणकर किंवा भीमसेन निघतीलच असे कोण सांगू शकेल? पण शतकमहोत्सवी स्मरणिकेसाठी जो कोणी म्हैसूरच्या मराठी माणसांचा इतिहास लिहावयास बसेल, त्याला दिवाणांच्या नावांबरोबर आपल्या घरातल्या माणसांची नावेही लिहिता येतील, आणि ती चुकीच्या नावावर जमा होणार नाहीत.